मृत्युपत्रातून कलासंग्रहालयाला देणगी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आपल्या भागातल्या कलासंग्रहालयाला आपल्या माघारी काहीतरी मिळावं असं ज्यांच्या मनात आहे, त्यांच्यासाठी ही प्रश्नोत्तरं. वारसा-कायद्याचा तपशील देशागणिक, काही ठिकाणी धर्मागणिक बदलतो. त्यामुळे अंतिम मसुदा तिथला कायदा जाणणाऱ्या वकिलाच्या नजरेखालून गेलाच पाहिजे. मात्र वकिलाची पायरी चढण्याआधी जे ठरवावं लागतं, ते सगळीकडे जवळपास सारखंच असतं. त्यातलं पहिलं काम असं : मृत्युपत्र लिहिण्याआधी संग्रहालयाशी बोला. खालच्या बहुतेक उत्तरांमध्ये ही गोष्ट पुन्हा येईल, कारण बहुतेक घोळ ती न केल्यामुळेच होतात.

मी काही मोठा संग्राहक नाही. माझी देणगी त्यांच्या काय कामाची?

मोठ्या राष्ट्रीय संग्रहालयांना मोठे दाते मिळतात. लहान संग्रहालयाला एखाद्या निवृत्त शिक्षिकेने ठेवलेल्या माफक रकमेतून वर्षभर पुरतील एवढे आम्लरहित कागदाचे खोके घेता येतात किंवा सुटायला आलेल्या चार चौकटी दुरुस्त करून घेता येतात. वस्तूंचंही तसंच. स्थानिक चित्रकाराची स्केचबुकं, त्याची पत्रं, जुन्या प्रदर्शनांच्या पुस्तिका, स्टुडिओतले फोटो यांना बाजारात फारशी किंमत नसते. पण त्या चित्रकारावर उद्या कोणी काम करायला बसलं, तर याच कागदांवाचून त्याचं अडेल. असा ऐवज दूरच्या प्रसिद्ध संग्रहालयाकडे गेला, तर बहुधा कोठारात पडून राहतो. जिथे तो चित्रकार राहिला, तिथल्या संग्रहालयात त्याला विचारणारं माणूस असतं.

काय काय देता येतं?

रोख रक्कम, मुदतठेवी, शेअर, घर किंवा जमीन, विम्याची रक्कम, चित्रं, शिल्पं, छायाचित्रं, ग्रंथ, कागदपत्रं. लेखक-कलावंत आपल्या मानधनाचे हक्कही देऊ शकतात. जॉर्ज बर्नार्ड शॉ १९५० मध्ये वारले, तेव्हा त्यांनी आपल्या उरलेल्या मालमत्तेतला एक तृतीयांश वाटा डब्लिनच्या नॅशनल गॅलरीला ठेवला होता. त्यांच्या नाटकांचं मानधन त्या गॅलरीला पुढे कित्येक दशकं मिळत राहिलं.

घर द्यायचं असेल तर आधी विचारा. संग्रहालय ते वापरणार नसेल तर विकेल, आणि तेही चालत असेल तर तसं मृत्युपत्रात स्पष्ट लिहा.

पैसे द्यावेत की कलाकृती?

दोन्ही देता आलं तर उत्तम. एकच देणं शक्य असेल आणि कलाकृतीबद्दल संग्रहालयाने विशेष उत्साह दाखवला नसेल, तर पैसे द्या.

ऑस्ट्रेलियातले उद्योजक आल्फ्रेड फेल्टन १९०४ मध्ये वारले. त्यांनी आपल्या संपत्तीचा एक न्यास केला. त्याचं निम्मं उत्पन्न धर्मादाय कामांना आणि निम्मं मेलबर्नच्या नॅशनल गॅलरी ऑफ व्हिक्टोरियाला कलाकृती घेण्यासाठी, अशी वाटणी करून ठेवली. त्या निधीतून आजवर १५,००० हून जास्त वस्तू तिथे आल्या आहेत. फेल्टन यांनी स्वतःचा संग्रह तेवढा दिला असता, तर तो एका माणसाच्या आवडीपुरता राहिला असता. त्यांनी निवडीचा अधिकार पुढच्या पिढ्यांच्या हाती ठेवला, ही मला फार मोठ्या मनाची गोष्ट वाटते.

कलाकृतीच द्यायची असेल, तर तिच्यासोबत थोडी रक्कम ठेवा. चित्र फुकट मिळालं तरी ते सांभाळायला खर्च येतोच : जागा, हवामान-नियंत्रण, विमा, नोंदणी, छायाचित्रण, अधूनमधून कॉन्झर्व्हेटरचा, म्हणजे कलाकृतींची दुरुस्ती-जतन करणाऱ्या तज्ज्ञाचा, हात. देणगी घ्यावी की नाही याची चर्चा होते, तेव्हा सोबत आलेली रक्कम बरंच काम सोपं करते.

ठरावीक रक्कम लिहू, टक्केवारी लिहू, की उरेल ते देऊ?

आज भरघोस वाटणारा आकडा वीस-पंचवीस वर्षांत महागाईने खाऊन टाकलेला असतो. उलट शेवटच्या आजारपणात खर्च वाढला, तर तोच आकडा कुटुंबाला जड जाऊ शकतो. टक्केवारी दोन्ही बाजूंनी न्याय करते. सगळ्यांचे वाटे, देणी आणि खर्च भागवून जे उरेल, त्यातला हिस्सा संग्रहालयाला देणं हा बहुतेक कुटुंबांना मानवणारा मार्ग आहे.

आणखी एक वाट अशी : आधी जवळच्या माणसाला द्यायचं आणि ते माणूस आपल्याआधी गेलं किंवा निपुत्रिक वारलं, तर संग्रहालयाला. जेम्स स्मिथसन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १८२६ मध्ये आपली मालमत्ता पुतण्याच्या नावे लिहिली आणि तो मूलबाळ न होता वारला, तर ती अमेरिकेला मिळावी, अशी तरतूद ठेवली. पुतण्या १८३५ मध्ये निपुत्रिक वारला आणि त्या तरतुदीतून वॉशिंग्टनची स्मिथसोनियन संस्था उभी राहिली. तेव्हा मृत्युपत्रातलं ‘नसल्यास’ने सुरू होणारं वाक्य लिहायला कंटाळू नका.

संग्रहालय माझी देणगी नाकारू शकतं का?

हो. मृत्युपत्रात नाव लिहिलं म्हणून संस्थेवर ती घेण्याचं बंधन येत नाही.

चित्रकार गुस्ताव कायबॉत यांनी १८७६ मध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, आपल्या मित्रांची चित्रं फ्रान्सच्या सरकारला देण्याचं मृत्युपत्र केलं. चित्रं माळ्यावर पडता कामा नयेत, परगावच्या संग्रहालयातही जाता कामा नयेत, आधी पॅरिसच्या लक्झेंबर्ग संग्रहालयात आणि मग लूव्रमध्ये लागावीत, अशी त्यांची अट होती. मित्र कोण, तर मोने, रन्वार, पिसारो, देगा, सेझान. कायबॉत १८९४ मध्ये गेले. एक्झिक्युटर, म्हणजे मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारे, असलेल्या रन्वार यांनी दोन वर्षं खटपट केली, तरी शेवटी सरकारने निम्म्याहून थोडी अधिक चित्रंच घेतली आणि बाकीची कुटुंबाकडे राहिली. त्या नकारामागे अभिरुचीचा वाद होता तसाच जागेचा प्रश्नही होता.

आज नकाराची कारणं साधी असतात. त्याच चित्रकाराची तशीच चार चित्रं आधीच संग्रहात असतात, वस्तूची अवस्था फार वाईट असते, मालकीचा इतिहास धूसर असतो, कलाकृती संग्रहालयाच्या विषयात बसत नाही किंवा अटी पाळता येण्यासारख्या नसतात. नकार अपमान म्हणून घेऊ नका. चित्र घेऊन ते अंधारात कुजू देण्यापेक्षा ‘आम्हाला हे नीट सांभाळता येणार नाही’ असं सांगणारं संग्रहालय प्रामाणिक असतं. फक्त हे उत्तर आपल्या हयातीत मिळालेलं बरं, म्हणजे दुसरं घर शोधता येतं. मृत्युपत्रात पर्यायी संस्थेचं नावही घाला.

मी अटी घालू शकतो का?

घालू शकता. मात्र कलाजगताच्या इतिहासात मृत दात्यांच्या अटींनी जेवढी चित्रं वाचवली, तेवढीच अडकवूनही ठेवली आहेत. म्हणून हे उत्तर लांबलं आहे.

बॉस्टनच्या इझाबेला स्टुअर्ट गार्डनर १९२४ मध्ये वारल्या. आपल्या संग्रहालयातली मांडणी जशी आहे तशीच राहावी, असं त्यांनी मृत्युपत्रात लिहून ठेवलं होतं. १९९० मध्ये तिथून १३ कलाकृती चोरीला गेल्या, आणि आजही त्या दालनांत काही रिकाम्या चौकटी जागच्या जागी लटकत आहेत. फिलाडेल्फियाजवळचे संग्राहक डॉ. आल्बर्ट बार्न्स १९५१ मध्ये गेले. चित्रं विकायची नाहीत, उसनी द्यायची नाहीत, भिंतीवरून हलवायची नाहीत, असा त्यांचा दंडक होता. त्यांची संस्था पैशाअभावी डबघाईला आली, प्रकरण कोर्टात गेलं आणि २०१२ मध्ये अख्खा संग्रह शहरातल्या नव्या इमारतीत हलवला गेला. आतली मांडणी तेवढी जशीच्या तशी ठेवली. ग्लासगोला १९४४ मध्ये आपला संग्रह देणारे विल्यम बरेल यांना शहरातल्या धुराची धास्ती होती. म्हणून संग्रहाची इमारत शहरापासून दूर, मोकळ्या हवेत हवी, असं त्यांनी बजावलं होतं. मनासारखी जागा मिळून संग्रहालय उघडायला १९८३ साल उजाडलं. परदेशी प्रदर्शनांना वस्तू देऊ नयेत ही त्यांची अट शिथिल करायला २०१४ मध्ये स्कॉटलंडच्या संसदेला कायदा करावा लागला.

तरीही अट म्हटली की वाईटच, असं मात्र नाही. हेन्री व्हॉन या संग्राहकाकडची चित्रकार टर्नरची जलरंगचित्रं १९०० मध्ये एडिंबरा आणि डब्लिनच्या राष्ट्रीय संग्रहांना मिळाली. ती सगळी एकत्र, विनामूल्य आणि फक्त जानेवारीत, म्हणजे वर्षातल्या सर्वांत मंद उजेडाच्या महिन्यात दाखवावीत, अशी त्यांची अट होती. ही अट आजही पाळली जाते आणि त्यामुळेच सव्वाशे वर्षांनीही त्या चित्रांचे रंग ताजे आहेत. व्हॉन यांनी स्वतःच्या नावापेक्षा जलरंगाचा विचार केला होता. अट वस्तूच्या हिताची असेल आणि पाळायला झेपणारी असेल, तर संग्रहालय ती आनंदाने घेतं.

माझा सल्ला असा : ‘अट’ या शब्दाऐवजी ‘इच्छा’ लिहा आणि पुढे एक वाक्य जोडा, की ही इच्छा पाळणं अशक्य किंवा गैरसोयीचं झालं, तर संग्रहालयाने माझ्या मूळ हेतूला जवळ जाणारा निर्णय स्वतः घ्यावा. ज्या अटीवाचून देणगीच द्यायची नाही, ती एकच ठेवा आणि ती संग्रहालयाकडून आधी लेखी मान्य करून घ्या.

माझं चित्र कायम भिंतीवर असेल ना?

बहुधा नाही, आणि ते चित्राच्याच भल्याचं आहे. कागदावरच्या कामाला साधारण ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) वर उजेड देऊ नये, असा संग्रहालयांचा रिवाज आहे, आणि तेवढाही काही महिनेच. मग त्याला अंधारात विश्रांती द्यावी लागते. कोठारातलं चित्र विस्मरणात गेलं असं समजू नका. ते अभ्यासकांना पाहता येतं, त्याचं छायाचित्र प्रसिद्ध होतं, ते दुसरीकडच्या प्रदर्शनांना जातं.

पुढे कधी ते विकून तर टाकणार नाहीत?

शक्यता असते. संग्रहातून वस्तू कमी करण्याचे नियम प्रत्येक संग्रहालयाचे वेगळे असतात, म्हणून त्यांचं लेखी संग्रह-धोरण मागून घ्या. जबाबदार संस्था ते दाखवायला कचरत नाही. संग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेच्या, म्हणजे आयकॉमच्या, आचारसंहितेनुसार अशा विक्रीचे पैसे संग्रहासाठीच, सहसा नव्या खरेदीसाठी, वापरायचे असतात, वीजबिलासाठी नाहीत. विक्री झालीच, तर त्या पैशातून घेतलेल्या नव्या कलाकृतीखाली आपलं नाव लागावं, अशी इच्छा नोंदवता येते.

मृत्युपत्रात नेमकं काय लिहायचं?

आधी काय लिहू नये ते पाहू. आडेले ब्लॉख-बाउअर यांनी १९२३ च्या मृत्युपत्रात आपल्या पतीला ‘विनंती’ केली होती, की पतीच्या पश्चात घरातली चित्रकार क्लिम्टची चित्रं ऑस्ट्रियाच्या सरकारी गॅलरीला द्यावीत. पुढे नाझींनी ती चित्रं बळकावली. युद्धानंतर ती गॅलरीतच राहिली आणि त्या विनंतीवर बोट ठेवून सरकार मालकी सांगत राहिलं. २००६ मध्ये लवादाने निर्णय दिला : ती केवळ विनंती होती, बंधनकारक देणगी नव्हती, आणि चित्रं पतीच्या मालकीची होती. पाच चित्रं वारसांना परत मिळाली. त्या प्रकरणात न्याय झालाच. मात्र ज्यांना खरोखर द्यायचं आहे त्यांनी ‘द्यावे अशी इच्छा आहे’ असं लिहू नये, ‘देत आहे’ असं लिहावं. वर अटींच्या बाबतीत ‘इच्छा’ लिहा म्हटलं; देण्याच्या बाबतीत नेमकं उलट.

वाक्य साधारण असं असावं : “माझ्या मालकीचे, अमुक चित्रकाराने अमुक साली कॅनव्हासवर तैलरंगात रंगवलेले, इतके सेंटिमीटर उंच व इतके रुंद, खाली उजवीकडे सही असलेले, सोबतच्या छायाचित्रातील चित्र मी अमुक संस्थेला तिच्या सर्वसाधारण हेतूंसाठी देत आहे. माझ्या मृत्यूसमयी ही संस्था अस्तित्वात नसल्यास किंवा तिने ते न स्वीकारल्यास ते तमुक संस्थेला मिळावे.” संस्थेचं नाव पाटीवरचं नको, नोंदणीच्या दाखल्यावरचं हवं. कित्येक संग्रहालयांची इमारत एकाच्या नावावर, संग्रह दुसऱ्याच्या आणि पैसा सांभाळणारा न्यास तिसराच असतो. आणि ‘दिवाणखान्यातलं मोठं चित्र’ असं कधीही लिहू नका. घर बदललं की भांडण ठरलेलं.

साक्षीदारांच्या बाबतीत तर जराही ढिलाई नको. ह्यू लेन या संग्राहकाने १९१३ च्या मृत्युपत्रात आपली ३९ चित्रं लंडनच्या नॅशनल गॅलरीला ठेवली. नंतर मन बदलून १९१५ मध्ये ती डब्लिनला देण्याची पुरवणी स्वतःच्या हाताने लिहिली, पण साक्षीदारांच्या सह्या घेतल्या नाहीत. त्याच वर्षी मे महिन्यात लुसिटानिया बोटीबरोबर ते बुडाले. दोन शहरांचा वाद दशकानुदशकं चालला आणि १९५९ मध्ये चित्रं आळीपाळीने ठेवण्यावर तडजोड झाली. भारतात आणि इंग्लंडमध्ये किमान दोन साक्षीदार लागतात. ज्यांना मृत्युपत्रातून काही मिळणार आहे, त्यांना साक्षीदार करू नका. संग्रहालयातल्या ओळखीच्या माणसालाही टाळा.

सगळं संग्रहालयालाच दिलं तर कायद्याला चालतं का?

सगळीकडे नाही. फ्रान्समध्ये एक मूल असेल तर निम्मी, दोन असतील तर दोन तृतीयांश आणि तीन किंवा जास्त असतील तर तीन चतुर्थांश मालमत्ता मुलांसाठी राखीव असते. मुस्लिम वारसा-कायद्यात वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशापेक्षा जास्त मृत्युपत्राने देता येत नाही. वडिलोपार्जित किंवा सामाईक मालमत्तेत आपला जेवढा हिस्सा, तेवढंच आपलं देणं. लग्नानंतर दोघांनी मिळून घेतलेलं चित्र एकट्याचं समजू नका.

मुलांना सांगावं का?

सांगाच. भिंतीवरचं चित्र मुलांच्या दृष्टीने मालमत्ता नसतं, ते त्यांचं लहानपण असतं. ते संग्रहालयाला जाणार हे त्यांना वकिलाच्या तोंडून कळलं, तर दुखावलेली माणसं कोर्टात जातात आणि त्यात चित्राचे हाल होतात. कागद करण्याआधी प्रत्येकाला एकेक वस्तू निवडू द्या. जोडीदाराच्या हयातीपर्यंत चित्र घरातच राहील आणि नंतर संग्रहालयाला जाईल, अशी तरतूदही करता येते. त्या काळातला विमा आणि देखभाल कोणाकडे, ते तेवढं लिहा.

कोणती कागदपत्रं जपायची?

खरेदीची पावती, चित्रकाराची पत्रं, प्रदर्शनाची पुस्तिका, जुने फोटो, दुरुस्तीची बिलं. चित्र हातोहात कुठून कुठे गेलं, ते दाखवणारं सगळं. सांस्कृतिक वस्तूंच्या चोरट्या व्यापाराविरुद्धचा युनेस्कोचा करार १९७० चा. तेव्हापासून हा इतिहास संग्रहालयं फार बारकाईने विचारतात.

आणि चित्र उलटं करून पाहा. मागच्या लाकडी चौकटीवर गॅलरीची पिवळी पडलेली चिठ्ठी असते, खडूने लिहिलेला अनुक्रमांक असतो, एखाद्या प्रदर्शनाचा शिक्का असतो, कधी चित्रकाराने पेन्सिलीने लिहिलेलं शीर्षक असतं. चौकट बदलायला दिली की दुकानदार ही पाठ ‘स्वच्छ’ करून देतो आणि पन्नास वर्षांचा पुरावा केराच्या टोपलीत जातो. चिठ्ठ्या काढू नका, पुसू नका, वर टेप लावू नका. फोटो काढून ठेवा. चित्राची समोरची बाजूही घरी ओल्या फडक्याने पुसू नका.

चित्राबरोबर कॉपीराइटही जातो का?

चित्राची मालकी आणि कॉपीराइट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विकत घेतलेल्या चित्राचा कॉपीराइट सहसा चित्रकाराकडे किंवा त्याच्या वारसांकडेच राहतो : भारतात मृत्यूनंतर ६० वर्षं, युरोपात ७०. तुम्ही स्वतः चित्रकार असाल, तर कॉपीराइट कोणाला हे वेगळ्या वाक्यात लिहा. संग्रहालयाला पुस्तिका, पोस्टकार्ड, संकेतस्थळ यांसाठी परवानगी दिली, तरी खूप झालं.

करात काही सवलत?

जिथे वारसाकर आहे, तिथे धर्मादाय संस्थेला दिलेला भाग बहुधा करमुक्त असतो. ब्रिटनमध्ये करपात्र मालमत्तेतला किमान १० टक्के वाटा धर्मादाय दिला, तर बाकीच्यावरचा कर ४० ऐवजी ३६ टक्के लागतो. भारतात मृत्यूवरचा कर १९८५ मध्येच रद्द झाला. किंमत स्वतंत्र मूल्यांकनकाराकडून काढून घ्या. घेणाऱ्या संग्रहालयाने ती ठरवू नये आणि चांगलं संग्रहालय ठरवतही नाही.

मग जिवंतपणीच का देऊ नये?

जमत असेल तर जरूर द्या. डॉ. दिनकर केळकर यांनी अकाली गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने पुण्यात संग्रहालय उभं केलं आणि १९७५ मध्ये आपल्या हयातीतच सगळा संग्रह महाराष्ट्र सरकारच्या स्वाधीन केला. हयातीत देण्याचा मोठा फायदा असा, की वस्तूची कथा सांगायला तुम्ही हजर असता. दिवा कुठल्या घरातला, चित्रातली बाई कोण, हे नोंदवहीत तुमच्याच शब्दांत उतरतं. मृत्युपत्राचा फायदा वेगळा : शेवटपर्यंत वस्तू जवळ राहते आणि पैशाची गरज पडली, तर हात बांधलेले नसतात. दोन्हींच्या मधला मार्गही आहे. वस्तू घरीच ठेवा आणि तिची माहिती आत्ताच नोंदवून द्या.

नाव लावतील का? नको असेल तर?

बहुतेक संग्रहालयं कलाकृतीखालच्या पाटीवर दात्याचं नाव देतात. ते कसं लिहायचं, कोणाच्या स्मरणार्थ, की निनावी, हे आत्ताच लेखी कळवा.

माझ्या पश्चात प्रत्यक्षात काय घडतं?

एक्झिक्युटर संग्रहालयाला मृत्युपत्रातल्या संबंधित भागाची प्रत पाठवतो. कायद्याचे सोपस्कार पुरे व्हायला महिने, कधी वर्ष-दीड वर्षही लागतं. तोवर वस्तू नीट राहतील ही जबाबदारी एक्झिक्युटरची. बंद घरातली ओल आणि वाळवी हा या काळातला खरा धोका आहे, म्हणून चित्रं कुठे हलवायची ते त्याला आधीच सांगून ठेवा.

संग्रहालयात पोचलेली वस्तू थेट दालनात जात नाही. आधी काही दिवस ती वेगळ्या खोलीत ठेवून कीड आहे का ते पाहतात. मग कॉन्झर्व्हेटर दिवा बाजूला, अगदी कडेला धरतो. त्या तिरप्या उजेडात रंगाचे उचललेले पोपडे, कॅनव्हासचे पोक, जुन्या डागडुजीचे उंचवटे सावल्या टाकू लागतात. एकेक नोंद अवस्था-अहवालात जाते. स्वीकृती समिती मान्यता देते, क्रमांक पडतो आणि तो पुसता येईल अशा रीतीने वस्तूच्या न दिसणाऱ्या भागावर लिहितात. त्या क्रमांकापुढे तुमचं नाव येतं.

नंतर मन बदललं तर?

मृत्युपत्र शेवटपर्यंत बदलता येतं. संग्रहालयाला आधी कळवलं म्हणून बांधील राहत नाही. बदल मात्र साक्षीदारांसह रीतसर करा. जुन्या कागदावर खाडाखोड करू नका. चित्र मध्येच विकलं किंवा कोणाला दिलं, तर मृत्युपत्रातला तो उल्लेख निष्फळ ठरतो. तेव्हाही नवा कागद करा.

सुरुवात कुठून करू?

संचालकांना किंवा क्युरेटरना एक पानाचं पत्र लिहा. तुम्ही कोण, काय द्यायचं मनात आहे, कलाकृती असेल तर पुढचा-मागचा फोटो, मापं, ती तुमच्याकडे कशी आली आणि मुख्य म्हणजे ती इथेच का द्यावीशी वाटते. किंमत लिहायची गरज नाही. संग्रह-धोरणाची प्रत आणि संस्थेचं नोंदणीकृत नाव त्याच पत्रात मागा. त्यांच्या उत्तराची प्रत मृत्युपत्राच्या पाकिटात ठेवा आणि ते पाकीट कुठे आहे, हे एक्झिक्युटरला सांगा.